विश्लेषण : उद्योगपतीचा पैसा, क्रिकेटचे मैदान आणि ‘आयसीएल’चा वाद

आयपीएल सुरू होण्याआधी भारतात आणखी एक शहरनिहाय ट्वेन्टी-२० लीग झाली होती. मुंबईतील एका उद्योगसमूहाने स्वतःच्या पैशांतून ती उभी केली, मोठ्या रकमांची बक्षिसे जाहीर केली आणि नामवंत खेळाडूंना करारबद्ध केले. दोन वर्षांत ती बंद पडली. ‘इंडियन क्रिकेट लीग’ म्हणजेच आयसीएलवरून झालेला वाद नेमका काय होता, त्याच काळात इंग्लंडने अॅलन स्टॅनफर्ड या धनाढ्याशी केलेला करार का फसला आणि किन्हवलीसारख्या गावातील मैदानापर्यंत या प्रकरणांचा धडा कसा पोहोचतो, याचा हा आढावा.

आयसीएलची सुरुवात कशी झाली?

एस्सेल समूह आणि झी वाहिन्यांचे संस्थापक सुभाष चंद्रा यांनी एप्रिल २००७ मध्ये आयसीएलची घोषणा केली. वेस्ट इंडिजमधील विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत गारद झाला होता, तो हाच काळ. देशात नवे खेळाडू घडवण्यासाठी ही लीग आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. विजेत्या संघासाठी १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. कपिल देव यांनी लीगच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुखपद स्वीकारले. टोनी ग्रेग, डीन जोन्स आणि किरण मोरे हेही त्यांच्यासोबत होते.

मात्र या घोषणेला प्रक्षेपण हक्कांच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी होती. २००४ मध्ये भारतातील सामन्यांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी झीने ३०.८ कोटी डॉलरची सर्वोच्च बोली लावली होती. प्रतिस्पर्धी ईएसपीएन-स्टारने ती मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिली आणि मंडळाने ती निविदा प्रक्रियाच रद्द केली. झीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तिथे २ फेब्रुवारी २००५ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला, की बीसीसीआय ही राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ नुसार ‘राज्य’ या व्याख्येत बसत नाही. २००६ मध्ये हक्क पुन्हा विक्रीला आले, तेव्हा निंबस कंपनीने ६१.२ कोटी डॉलरमध्ये ते घेतले. झीकडे क्रीडावाहिनी होती, पण दाखवायला भारतीय संघाचे मायदेशातील सामने नव्हते. सामने विकत मिळत नसतील तर ते स्वतःच भरवायचे, हा आयसीएलमागचा व्यावसायिक हिशोब होता.

असे पूर्वी कुठे घडले होते?

ऑस्ट्रेलियात अगदी असेच घडले होते. चॅनेल नाइनचे मालक केरी पॅकर यांना ऑस्ट्रेलियन मंडळाने प्रक्षेपण हक्क नाकारले. त्यानंतर १९७७ मध्ये त्यांनी जगातील आघाडीचे खेळाडू गुपचूप करारबद्ध करून ‘वर्ल्ड सीरिज क्रिकेट’ सुरू केले. मंडळांनी या खेळाडूंवर बंदी घालण्याचा प्रयत्न केला, पण लंडनच्या उच्च न्यायालयाने ती पोट भरण्याच्या हक्कावरील अवाजवी बंधन ठरवली. १९७९ मध्ये तडजोड झाली आणि पॅकर यांना हवे ते हक्क मिळाले. त्या वादात ग्रेग पॅकर यांच्या बाजूने आघाडीवर होते. तीस वर्षांनी तेच ग्रेग आयसीएलच्या मंडळावर आले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

बीसीसीआयची हरकत कशाला होती?

मंडळाचे म्हणणे सरळ होते : देशात क्रिकेट भरवण्याचा अधिकार आमचा, परवानगीवाचून भरवलेली स्पर्धा अनधिकृत आणि तिच्यात खेळणारा आमच्या स्पर्धांना मुकणार. त्या वेळी शरद पवार मंडळाचे अध्यक्ष, तर ललित मोदी उपाध्यक्ष होते. मंडळाने कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या प्रमुखपदावरून दूर केले. आयसीएलशी जोडल्या गेलेल्या माजी खेळाडूंचे निवृत्तिवेतन थांबले. करारबद्ध झालेल्या तरुणांना रणजी करंडकाचे दरवाजे बंद झाले. दुसरीकडे मंडळाने देशांतर्गत स्पर्धांच्या बक्षिसांच्या रकमाही वाढवल्या.

मैदानांचा प्रश्न त्याहून कठीण होता. देशातील बहुतेक मोठी मैदाने मंडळाशी संलग्न संघटनांच्या ताब्यात होती. रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेची मैदाने आयसीएलला देऊ केली. ३० नोव्हेंबर २००७ रोजी सुरू झालेला पहिला हंगाम अखेर हरियाणातील पंचकुला इथे पार पडला. ‘मुंबई चॅम्प्स’ संघाचे नाव मुंबईचे, कर्णधार ब्रायन लारा. पण सामने मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर. विजेतेपद चेन्नई सुपरस्टार्सने मिळवले.

ऑगस्ट २००७ मध्ये हे भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. दोन बड्या संस्थांच्या व्यावसायिक लढाईत खेळाडूंचे नुकसान होऊ नये, अशी भूमिका न्यायालयाने तेव्हा मांडली. प्रत्यक्षात सर्वाधिक नुकसान खेळाडूंचेच झाले.

मग आयपीएल कुठून आली?

१३ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे आयसीएलचा एकही सामना होण्याआधी, मंडळाने आपल्या आयपीएलची घोषणा केली. अकरा दिवसांनी भारताने जोहान्सबर्गला पहिला ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकला आणि या प्रकाराला देशभर प्रेक्षक मिळाला. जानेवारी २००८ मध्ये आठ संघांचे हक्क एकूण ७२ कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकले गेले. त्यांपैकी मुंबईचा संघ रिलायन्सने ११.१९ कोटी डॉलरला घेतला.

दोन्ही लीगमधला फरक इथेच होता. आयसीएलमध्ये संघ, खेळाडूंचे करार, प्रक्षेपण आणि बक्षीस या सगळ्यांचा खर्च एकाच उद्योगसमूहावर होता. आयपीएलमध्ये संघमालक वेगवेगळे, प्रक्षेपणकर्ता वेगळा, प्रायोजक वेगळे. एखादा मालक अडचणीत आला तरी स्पर्धा चालू राहू शकत होती. शिवाय मंडळाची मान्यता असल्याने परदेशी मंडळे आपले खेळाडू सोडायला तयार होती. आयसीएलशी करार केल्यामुळे न्यूझीलंडच्या शेन बाँडला आपल्या मंडळाचा करार गमवावा लागला, तर बांगलादेशच्या खेळाडूंवर त्यांच्या मंडळाने दहा वर्षांची बंदी घातली.

आयसीएलचा शेवट कसा झाला?

नोव्हेंबर २००८ मध्ये लीगची आंतरराष्ट्रीय मालिका सुरू असतानाच मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि ती अर्धवट राहिली. पुढे आर्थिक मंदीचा फटका बसला. २००९ मध्ये अनेक खेळाडूंनी, विशेषतः परदेशी खेळाडूंनी, मानधन थकल्याच्या तक्रारी केल्या. आंतरराष्ट्रीय खेळाडू संघटनेनेही हा प्रश्न लावून धरला.

एप्रिल २००९ मध्ये बीसीसीआयने माफी योजना जाहीर केली. ३१ मेपर्यंत आयसीएलशी संबंध तोडणाऱ्यांना देशांतर्गत क्रिकेट लगेच खेळता येणार होते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मात्र एक वर्ष थांबायचे होते. बहुतेक भारतीय खेळाडू परतले आणि लीग संपली.

त्यातील अंबाती रायुडूचे उदाहरण बोलके आहे. २००४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार असलेला हा फलंदाज वयाच्या एकविसाव्या वर्षी आयसीएलमध्ये गेला. माफीनंतर तो २०१० मध्ये मुंबई इंडियन्सकडून आयपीएल खेळला. भारतासाठी पहिला एकदिवसीय सामना त्याला मिळाला तो जुलै २०१३ मध्ये. स्टुअर्ट बिन्नीही असाच परतून भारतासाठी खेळला. पण तिशी ओलांडलेल्या कित्येक रणजीपटूंकडे परत उभे राहण्याइतकी वर्षे उरली नव्हती. कपिल देव यांचा मंडळाशी समेट २०१२ मध्ये झाला. त्यानंतर त्यांना मंडळाचा दीड कोटी रुपयांचा एकरकमी लाभ मिळाला.

मंडळाच्या मान्यतेने पैसा सुरक्षित होतो का?

आयसीएलची कहाणी वाचून वाटेल, की मंडळाची मान्यता असती तर सगळे सुरळीत झाले असते. त्याच काळात इंग्लंडमध्ये जे घडले ते या समजाला छेद देते.

टेक्सासचे धनाढ्य अॅलन स्टॅनफर्ड कॅरेबियन बेटांवरील अँटिग्वात बँक चालवत आणि तिथल्याच आपल्या मैदानावर ट्वेन्टी-२० स्पर्धा भरवत. जून २००८ मध्ये ते हेलिकॉप्टरने लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर उतरले आणि दोन कोटी डॉलरच्या नोटा म्हणून एक भलीमोठी पेटी छायाचित्रकारांसमोर ठेवण्यात आली. इंग्लंडच्या मंडळाने त्यांच्याशी पाच वर्षांत पाच सामन्यांचा करार केला. प्रत्येक सामना दोन कोटी डॉलरचा आणि जिंकणाऱ्या संघातील प्रत्येकाला दहा लाख डॉलर. हरणाऱ्यांना काहीच नाही.

देशाचा संघ एका व्यक्तीच्या पैशांसाठी तिच्या खासगी संघाशी खेळणार, यावर तिथल्या माजी खेळाडूंनी आणि वृत्तपत्रांनी टीका केली. १ नोव्हेंबर २००८ रोजी अँटिग्वात इंग्लंड ९९ धावांत गारद झाले आणि ख्रिस गेलच्या नेतृत्वाखालील ‘स्टॅनफर्ड सुपरस्टार्स’ दहा गडी राखून जिंकले. पुढचे चार सामने झालेच नाहीत. १७ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेच्या रोखे नियामकाने स्टॅनफर्डवर गैरव्यवहाराचे आरोप ठेवले आणि इंग्लंडच्या मंडळाने तीन दिवसांत संबंध तोडले. नव्या ठेवीदारांचे पैसे वापरून जुन्यांना परतावा देण्याचा तो सुमारे सात अब्ज डॉलरचा घोटाळा होता. जून २०१२ मध्ये स्टॅनफर्डला ११० वर्षांची शिक्षा झाली.

सुभाष चंद्रा आणि स्टॅनफर्ड यांची प्रकरणे एका मापाने मोजता येत नाहीत. एका बाजूला प्रक्षेपण व्यवसायातला फसलेला डाव होता, तर दुसऱ्या बाजूला सिद्ध झालेला गुन्हा. पण मंडळांच्या वागण्यातील साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. भारतात मंडळाने स्पर्धक म्हणून उद्योगपतीला अडवले. इंग्लंडमध्ये मंडळाने दाता म्हणून धनाढ्याला जवळ केले. दोन्हीकडे चर्चा झाली ती सत्तेची आणि प्रतिष्ठेची. पैसा कुठून येतो आणि दात्याने हात आखडता घेतला तर खेळाडूंचे काय, हे प्रश्न मागेच राहिले.

मंडळाच्या मक्तेदारीचे काय झाले?

हा मुद्दा पुढे भारतीय स्पर्धा आयोगासमोर आला. आयपीएलच्या प्रक्षेपण करारात मंडळाने दुसऱ्या कोणत्याही खासगी लीगला मान्यता न देण्याचे आश्वासन दिले होते. हा वर्चस्वाचा गैरवापर ठरवून आयोगाने फेब्रुवारी २०१३ मध्ये मंडळाला ५२.२४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात तो आदेश रद्द झाला, पण नव्याने चौकशी करून नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा तेवढाच दंड ठोठावला. तोपर्यंत आयसीएल बंद पडून आठ वर्षे लोटली होती.

किन्हवलीच्या मैदानाशी याचा काय संबंध?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भातकापणी उरकली की मोकळ्या शेतांवर टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. किन्हवलीचा परिसरही त्याला अपवाद नाही. प्रवेश फी, रोख पारितोषिके, चषक आणि मालिकावीराला एखादी वस्तू, असे त्यांचे स्वरूप असते. बक्षिसाची रक्कम प्रवेश फीतून निघत नाही. ती ‘सौजन्य’ म्हणून फलकावर नाव असलेल्या पुढाऱ्याकडून, व्यावसायिकाकडून किंवा जमीनदाराकडून येते. याच टेनिस चेंडूच्या क्रिकेटला मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात ‘इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग’ म्हणून व्यावसायिक रूप मिळाले आणि सिनेतारे संघमालक झाले.

गावच्या स्पर्धेत लाखो डॉलर नसतात, पण रचना तीच असते : एक दाता, एक जाहीर झालेली रक्कम आणि त्या भरवशावर गाडीभाडे खर्चून आलेले संघ. दात्याचा पैसा घेण्यात वावगे काही नाही. आश्रयदात्यांशिवाय भारतीय क्रिकेट वाढलेच नसते. मात्र रक्कम अंतिम सामन्याआधी आयोजकांच्या हाती आली आहे का, उपविजेत्यालाही काही मिळणार आहे का, दात्याने ऐनवेळी माघार घेतली तर प्रवेश फी परत मिळेल का आणि पंचाचा निर्णय दात्याच्या संघालाही लागू आहे का, एवढे चार प्रश्न नाव नोंदवण्याआधी विचारायला हवेत. आयसीएलच्या खेळाडूंना त्यांची उत्तरे मानधन थकल्यावर मिळाली, तर इंग्लंडच्या मंडळाला बँक बुडाल्यावर.