पामेरियनचं भुंकणं कुठून आलं?

शहापुरात पांढरा, झुबकेदार शेपटीचा छोटा कुत्रा दिसला की आम्ही सरळ ‘पामेरियन’ म्हणतो. बहुतेकदा तो असतो इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके है कौन’मधला (१९९४) टफी आठवा, तोच.

दोघांचं मूळ एकच, जर्मन स्पिट्झ. पोमेरेनिया म्हणजे आजच्या जर्मनी-पोलंडमधला बाल्टिक किनारा. तिकडे हे कुत्रे राखणीला असत. परका दिसला की ओरडून घर जागं करायचं, एवढंच काम. १८८८ साली राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सहून मार्को आणला, जेमतेम साडेपाच किलोचा. मग छोट्या पामेरियनची फॅशनच आली. भारतात इंग्रजांनी आणलेल्या स्पिट्झपासून इथला उकाडा सोसणारी जात झाली. माणसाने आकार घटवला, नोकरी मात्र कोणी काढून घेतली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरची स्पिट्झ कुरियरवाला जिन्यात यायच्या आधीच भुंकते. (माझे ऑफिसचे कॉल म्यूटवर.) तक्रारी वाढल्या, तिला मुरबाडला नातेवाइकांकडे धाडायचं ठरत होतं. मी म्हटलं, “काका, ओरडू नका. दार उघडून बघा आणि तिला ‘बघितलं’ म्हणा.”

हल्ली ती दोनदा भुंकते आणि काकांकडे बघते.