कळ आणि काच

टायपिंगवर पोट भरणाऱ्या माणसाला, तुझे शिक्षण किती, असे विचारले तर तो आधी इयत्ता सांगत नाही, वेग सांगतो. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस. मिनिटाला इतके शब्द, हे आपल्याकडच्या शासकीय परीक्षेचे माप होय. आणि त्या प्रमाणपत्राच्या बळावर महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिली कायम नोकरी आली. ज्या कारकून व टंकलेखक मंडळींत आम्ही अर्धे आयुष्य काढले, त्यांची इस्टेट ती एवढीच, आणि ती बोटांत असते. म्हणूनच गेल्या दहाबारा वर्षांत लॅपटॉप बनविणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी खऱ्या कळा काढून तेथे स्पर्श ओळखणारी पट्टी बसविण्याचा जो उद्योग तीनदा केला आणि तीनदा मागे घेतला, त्याचा इतिहास केवळ यंत्रांच्या शौकिनांवर सोडून द्यावा असा नाही.

प्रथम कळ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत मिलवॉकी येथे क्रिस्टोफर शोल्स ह्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले, आणि बंदुका बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते १८७४ साली बाजारात आणले. त्या पहिल्या यंत्रात ठसा कागदाच्या खालच्या बाजूस उमटत असे. आपण काय छापतो आहोत हे टंकलेखकाला त्या क्षणी दिसतच नसे! पुढे १८८८ च्या जुलैत सिनसिनाटी शहरी फ्रँक मॅकगुरिन आणि लुई ट्रॉब ह्या दोघा टंकलेखकांची पैज लागली. मॅकगुरिनने सारा कळफलक पाठ केला होता. तो कळांकडे पाहत नसे. तो जिंकला, आणि न पाहता लिहिणे ही वेगाची खरी गुरुकिल्ली आहे हे लोकांना पटले. डोळे कागदावर, बोटे कळांवर. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय टंकयंत्र काढले तेव्हाही टायपिंगच्या क्लासात मास्तरांचा पहिला दंडक हाच होता, की खाली पाहायचे नाही.

हे साधते कशाने? बोटाला कळेची कड लागते. दाबली की ती किंचित अडते, सुटते, खाली जाते आणि पुन्हा वर येते. मुख्य म्हणजे बोट तिच्यावर नुसते ठेवता येते. ठेवणे आणि दाबणे ह्या दोन निराळ्या क्रिया राहतात, आणि ह्या दोहोंमधल्या अंतरातच टंकलेखकाची सारी विद्या वसते. आजच्या कळफलकावरही इंग्रजी एफ आणि जे ह्या दोन कळांवर बारीकसा उंचवटा असतो. तो डोळ्यांसाठी नाही. (मराठीत यंत्राच्या कळेला आणि दुखऱ्या मनगटातून निघणाऱ्या कळेला एकच शब्द आहे. ज्याने दिवसाला आठ तास टायपिंग केले आहे त्याला ह्यात नवल वाटणार नाही.)

काचेचे गणित वेगळे. काचेखाली विजेचा वाहक असा पातळ थर असतो; बोट टेकले की तेथला विद्युत्‌भार किंचित बदलतो, आणि त्यावरून यंत्र जागा ओळखते. इंग्लंडात मॅल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन ह्याने १९६५ साली ही कल्पना मांडली, ती विमानवाहतुकीच्या नियंत्रकांचे काम सोपे व्हावे म्हणून. हेतू चांगलाच होता. परंतु काचेवर ठेवणे आणि दाबणे एकच. टेकले की लागले.

बिनकळांचा कळफलक घरोघर गेला तो मात्र काचेच्या ऐटीने नव्हे, काटकसरीने. सिंक्लेअर कंपनीने १९८० साली झेडएक्स ८० हा संगणक शंभर पौंडांच्या आत विकला. त्यावर कळा नव्हत्याच, प्लॅस्टिकचा सपाट पडदा दाबावा लागे. स्वस्ताईसाठी लोकांनी तो सोसला. १९८२ च्या स्पेक्ट्रम यंत्रावर त्याच कंपनीने रबराच्या का होईना, पण कळा दिल्या.

आता लॅपटॉपकडे वळू. संकट आले ते अक्षरांवर नाही, वरच्या ओळीवर. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकावर डाव्या बाजूला दहा फंक्शन कळा होत्या. पुढे त्या बारा होऊन अक्षरांच्या वर गेल्या आणि तेथेच स्थिरावल्या. त्यांच्या डाव्या टोकाला एस्केप, म्हणजे सुटकेची कळ. एस्केपचे मूळ चिन्ह आयबीएममधल्या बॉब बेमर ह्याने १९६० साली सुचविलेले. चुकलो, थांबव, मागे ने, एवढ्यासाठी जिच्याकडे करंगळी आपोआप धावते ती ही कळ.

लेनोव्होने २०१४ साली आपल्या थिंकपॅड एक्स वन कार्बनवर ही ओळ काढून बदलत्या चित्रांची स्पर्शपट्टी बसविली आणि २०१५ च्या नव्या आवृत्तीत मुकाट्याने कळा परत आणल्या. ॲपलने त्यातून काही धडा घेतला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅकबुक प्रोवर 'टच बार' आला आणि एस्केपही काचेत गेली. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे आम्ही मान्य करू. छापील कळेवर एकच खूण राहते. काचेवर जसे काम तसे चित्र येते, रंग निवडायचा तर रंग, आवाज वाढवायचा तर सरकती पट्टी. पण हे सारे पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते! सव्वाशे वर्षे मास्तरांनी जे करू नका म्हणून सांगितले, तेच यंत्र करावयास लावू लागले. शिवाय वरच्या ओळीकडे जाताना विसावलेले बोट पट्टीला लागले की नको ते घडे. नोव्हेंबर २०१९ च्या सोळा इंची मॅकबुकवर एस्केपची खरी कळ परतली, ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या यंत्रांवर सारी ओळ परतली, आणि टच बारचे शेवटचे यंत्र २०२३ साली विक्रीतून गेले. तोवर २०२२ साली डेलने आपल्या एक्सपीएस १३ प्लसवर हाच खेळ नव्याने मांडला होता. तेथेही जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालेल्या एक्सपीएसवर कळा परत आल्या.

दृष्टिहीन माणसाची गोष्ट आणखी पुढची. खऱ्या ओळीवर तो टोकापासून बोटाने मोजत जाई. काचेवर मोजता येत नाही. यंत्राने बोलून सांगावे अशी सोय ॲपलने ठेवली होती, हे खरे. परंतु जेथे एक दाब पुरेसा होता तेथे आधी चाचपा, मग ऐका, मग पुन्हा टेका, असे तीन टप्पे झाले.

लॅपटॉपवर ह्यात फार तर वेळ गेला. समुद्रावर माणसे गेली. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा खलाशी मेले. त्या नौकेवर सुकाणू आणि वेग ह्यांचे नियंत्रण स्पर्शपडद्यावर होते. वेगाचे काम दुसऱ्या खलाशाकडे सोपविताना सुकाणूही तिकडेच गेले, आणि पहिल्याला वाटले की सुकाणू निकामी झाले. दोन्ही पंख्यांचा वेग एकत्र जोडलेला नव्हता. एकाचाच कमी झाला आणि नौका डावीकडे वळत गेली. हाताखाली लोखंडी दांडे असते तर कोणता कोठे आहे हे तळव्याला कळले असते. प्रशिक्षण अपुरे होते, देखरेख ढिली होती, हे चौकशीत निघालेच. पण पडद्याच्या रचनेने चूक होण्याचा संभव वाढला, असेही २०१९ च्या अहवालात लिहिले गेले. त्याच वर्षी नौदलाने वेगनियंत्रणाचे दांडे परत बसविण्याचे ठरविले. अपघात झाला की पहिले बोट कामगाराकडे दाखविले जाते, हा आमचा जुना अनुभव. यंत्राची आखणी करणाऱ्याचे नाव अहवालात यावयास दोन वर्षे लागतात!

आमच्यावर असा आक्षेप येईल, की तुम्ही युनियनवाले; तुम्हांला नवे काही नकोच असते. तसे असते तर १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रे व संगणक ह्यांविषयी बँकांशी करार केला नसता. त्या कराराला आमच्यातल्याच पुष्कळांनी नावे ठेवली. तरी तेथे यंत्र कोठे येणार, किती येणार, ह्याची बोलणी टेबलावर झाली. लॅपटॉपची ओळ काढताना जगातल्या कोणत्या टंकलेखकाला विचारले होते?

आणि काचेने आमच्या माणसांचे भलेही केले आहे. मराठी टंकयंत्राचा कळफलक पाठ करण्यात महिने जात. क्लासची फी परवडली नाही म्हणून ज्यांची ती विद्या राहिली असे हजारो कामगार आज फोनच्या काचेवर मराठी लिहितात. अक्षर दिसते, त्यावर बोट टेकायचे. गोदामात हमाली करणारा माणूस थकलेल्या ओव्हरटाइमची तक्रार आता दुसऱ्याकडून लिहून घेत नाही. दुपारच्या सुट्टीत एका अंगठ्याने, पडद्यावरची नजर न हलविता, स्वतःच लिहितो आणि आमच्या कार्यालयात पाठवितो. मालकाला द्यावयाची रीतसर प्रत मग आमच्या टंकलेखिका बाई करतात. तेव्हा त्यांचे डोळे त्या फोनवर असतात, आणि बोटे कळांवर.