कृष्णाकाठची देवळे आणि नदीचे बदलते पात्र

वाईच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधले. दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकांचे लक्ष मंदिराच्या मागील भिंतीकडे सहसा जात नाही. ही भिंत माशाच्या आकाराची, टोकाशी निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगतो व दोन्ही अंगांनी निघून जातो. खाली नृसिंहवाडीस तर पुराचे पाणी मंदिरात शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक त्या तीर्थात स्नान करतात. नदीला अडवावयाचे नाही, तिला वाट द्यावयाची, ही पूर्वजांची दृष्टी होती.

ही दृष्टी अनुभवातून आली होती. नदी म्हणजे केवळ दोन काठांमधील पाणी नव्हे. ज्या डोंगरांवरचे व शेतांतले पाणी ओघळून तिला मिळते, तो सारा पाणलोट म्हणजेच नदी होय. कृष्णा व कोयना या दोघींचा उगम महाबळेश्वरी. तेथे वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सांगलीस त्याचा दहावा हिस्साच पडतो. म्हणून सांगलीत ऊन असतानाही कृष्णेस पूर येऊ शकतो.

नदी पाण्याबरोबर मातीही वाहते. या दोहोंचा मेळ बसेल तसे ती आपले पात्र घडवते. डोंगर उघडा पडला की पाऊस मुरण्याऐवजी धावत सुटतो. माती जास्त येते, पात्र उथळ होते. उलट धरणाने गाळ अडवला, किंवा वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर पाण्याला वाहून नेण्यास माती उरत नाही. मग ते तळ खरवडते, काठ पोखरते. घाटाच्या खालच्या पायऱ्या अधांतरी होतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

माणसाने केलेला सर्वांत मोठा बदल कोयनेचा. १९६४ च्या सुमारास धरण पूर्ण झाले. पूर्वी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळणारे कोयनेचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहाकडे वळले व पुढे चिपळूणच्या वाशिष्ठीस मिळू लागले. या योजनेने राज्याला वीज दिली आणि धरणांनी कृष्णाकाठ बागायती झाला; हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात गेले, आणि दोन्ही नद्यांचे वागणे बदलले.

धरणे झाली म्हणजे पूर संपले, असा समज काठावर रूढ झाला. नदीच्या मोकळ्या जागेत घरे, दुकाने, रस्त्यांचे भराव आले. सांगलीच्या १९२९ च्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले, तर २०१९ साली ५७ फुटांवर. सांगलीच्या आसपास पात्राचा उतार अत्यंत कमी. त्यात वारणा व पंचगंगा येऊन मिळतात. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी फुगवट्याने मागे साचते. पुढे जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाटण तालुक्यात दरडी गावांवर आल्या. हवा तापते तशी ती अधिक बाष्प धरते. असा एकदम कोसळणारा पाऊस आता वाढत आहे.

जीर्णोद्धाराच्या कामात शिखर, सभामंडप व कळस यांकडे सर्वांचे लक्ष असते, आणि ते योग्यच आहे. पण नदीकाठच्या देवळाचा पाया नदीच्या स्वाधीन असतो, आणि नदी डोंगराच्या. पाटबंधारे खात्याने आखलेली निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. त्या रेषांचा मान राखणे, घाटाजवळची वाळू न उपसणे, ओढ्यांच्या माथ्यावर झाडे व बांध राखणे, ही कामेही देवळाच्या डागडुजीतच मोडतात. ज्या दात्यांनी दगडासाठी हात सैल सोडला, त्यांनी ओढ्याच्या माथ्यासाठीही थोडा सोडावा. रास्त्यांच्या कारागिरांनी भिंत बांधताना नदीचा विचार आधी केला होता. म्हणूनच इतके पूर येऊन गेले तरी ती भिंत आजही उभी आहे.