कॉन्टॅक्ट लेन्सची निवड : आधी डोळा, मग नंबर

चष्म्याला पर्याय म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे आता केवळ महानगरांत राहिलेले नाहीत. तालुक्याच्या गावातील चष्म्याच्या दुकानातही लेन्सची खोकी मांडलेली दिसतात आणि घरबसल्या इंटरनेटवरून मागणीही नोंदवता येते. ही सोय वाढत गेली, तशी निवडीची रीत मात्र उलटी झाली आहे. आधी लेन्स पसंत केली जाते, मग चष्म्याचा नंबर सांगितला जातो आणि डोळ्यांची तपासणी बहुधा राहूनच जाते. वास्तविक कोणती लेन्स घ्यावी, हे डोळ्याच्या पृष्ठभागाचा आकार, अश्रूंचे प्रमाण आणि वापरणाऱ्याच्या सवयी यांवर ठरते. नंबराचा विचार त्यानंतर येतो.

पारपटलाला लागणारा प्राणवायू

लेन्स डोळ्याच्या ज्या भागावर बसते, त्याला शास्त्रीय परिभाषेत पारपटल म्हणतात. व्यवहारात कॉर्निया हा शब्द रूढ आहे. बोलताना आपण सरसकट बुबुळ म्हणतो. पण समोरचे पारदर्शक आवरण आणि त्यामागचा रंगीत पडदा या दोहोंसाठी हा एकच शब्द वापरला जात असल्याने समजुतीचा घोटाळा होतो. पारपटलाची मध्यभागातील जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ते काचेसारखे स्वच्छ राहते. शरीराच्या अन्य भागांना रक्तातून मिळणारा प्राणवायू पारपटलाला मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. त्यावर लेन्स ठेवणे म्हणजे या वाटेवर एक झाकण ठेवणेच होय. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत लेन्समध्ये झालेल्या सुधारणांचा मोठा भाग हे झाकण अधिकाधिक सच्छिद्र करण्याच्या प्रयत्नांचा आहे.

झुरिच येथे अडॉल्फ फिक यांनी १८८८ च्या सुमारास तयार केलेल्या लेन्स काचेच्या होत्या आणि त्या डोळ्याचा पांढरा भागही झाकत असत. अमेरिकेतील केविन टुओही यांनी १९४८ मध्ये केवळ पारपटलावर बसणारी छोटी प्लास्टिकची लेन्स बनवली. ती सुटसुटीत होती. परंतु तिच्यातून प्राणवायू जवळजवळ जातच नसे. मऊ लेन्सचे श्रेय चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांच्याकडे जाते. १९६१ च्या नाताळात प्राग येथील आपल्या घरी, मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांचे यंत्र जुळवून आणि त्याला सायकलचा डायनामो जोडून त्यांनी पहिल्या चार लेन्स तयार केल्या. पाणी शोषून मऊ होणारा हा पदार्थ हायड्रोजेल या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात सिलिकॉनचा अंतर्भाव झाला आणि आजच्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स बाजारात आल्या.

साध्या हायड्रोजेलमधून प्राणवायू त्यातील पाण्याच्या आधारे प्रवास करतो. त्यामुळे पाण्याचे प्रमाण जितके अधिक, तितकी लेन्स डोळ्याला चांगली, असा निष्कर्ष खोक्यावरील मजकुरातून सहज निघतो. प्रत्यक्षात अधिक पाण्याची लेन्स वातानुकूलित खोलीत किंवा कोरड्या हवेत लवकर सुकते आणि ती तूट डोळ्यातील अश्रूंमधून भरून काढते. सायंकाळी डोळे चुरचुरू लागतात, ते अनेकदा यामुळेच. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये प्राणवायू सिलिकॉनमधूनच वाट काढतो. त्यामुळे पाणी कमी असूनही त्याचा पुरवठा कितीतरी पटींनी अधिक राहतो. दिवसाचे आठ-दहा तास लेन्स लावावी लागणाऱ्यांना तज्ज्ञ सामान्यतः हाच प्रकार सुचवतात. काही डोळ्यांना मात्र सिलिकॉनचा पृष्ठभाग मानवत नाही, त्यांना साधे हायड्रोजेलच बरे वाटते. हे चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही.

चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर अंतरावर असते, तर लेन्स डोळ्यालाच टेकलेली असते. या अंतरामुळे नंबर बदलतो. उणे ४ पर्यंत हा फरक नगण्य असतो. पण चष्म्याचा नंबर उणे ८ असेल, तर लेन्सचा नंबर उणे ७.२५ च्या आसपास येतो. अधिक नंबराच्या बाबतीत हेच उलट घडते, अधिक ६ च्या चष्म्याला सुमारे अधिक ६.५० ची लेन्स लागते. मोठा नंबर असलेल्यांनी चष्म्याचा कागद दाखवून थेट लेन्स विकत घेतली, तर पहिल्या दिवसापासून डोके दुखू लागते, यात नवल नाही.

नंबराखेरीज खोक्यावर आणखी दोन आकडे असतात. पहिला वक्रतेचा, मऊ लेन्समध्ये तो बहुधा ८.३ ते ९ मिलिमीटर यांदरम्यान असतो. दुसरा व्यासाचा, तो १४ मिलिमीटरच्या जवळपास असतो. नेत्रतज्ज्ञ केराटोमीटर या उपकरणाने पारपटलाची वक्रता मोजतात, त्यानंतर चाचणीची लेन्स डोळ्यात बसवून स्लिट लॅम्पखाली तिची हालचाल पाहतात. पापणी मिटून उघडली की मऊ लेन्स किंचित सरकून पुन्हा जागेवर आली पाहिजे. त्या हालचालीबरोबर लेन्सखालचे अश्रू बदलत राहतात. सैल लेन्स टोचते, म्हणून ती लगेच ओळखू येते. घट्ट लेन्स मात्र सुरुवातीला फार सुखकर वाटते आणि काही तासांनी डोळा लाल होतो. म्हणूनच पाच मिनिटे लेन्स लावून 'छान वाटते' असे म्हणणे हा निवडीचा निकष ठरू शकत नाही.

अश्रूंची तपासणीही याच वेळी व्हावी. खालच्या पापणीत कागदाची अरुंद पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती ओली होते, हे पाहण्याची शिर्मर चाचणी सर्वत्र उपलब्ध आहे. ओलावा १० मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर लेन्सचा निर्णय घेण्यापूर्वी कोरड्या डोळ्यांवर उपचार करणे इष्ट ठरते. संगणकासमोर काम करताना पापण्यांची उघडझाप कमी होते, हेही लक्षात ठेवावे.

दैनंदिन की मासिक?

मऊ लेन्समध्ये एकदा वापरून टाकून द्यावयाच्या, पंधरवड्याच्या आणि महिन्याच्या असे प्रकार आहेत. महिना हा पाकीट उघडल्याच्या दिवसापासून मोजायचा असतो. पंधरा दिवस वापरून पंधरा दिवस डबीत ठेवलेली लेन्स पुढच्या महिन्यात चालवण्याची पद्धत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. आठवड्यातून दोन वेळा, समारंभापुरती किंवा खेळाच्या मैदानापुरती लेन्स लावणाऱ्यांनी दैनंदिन लेन्सच घ्यावी. ती नगाने महाग असली, तरी तिला द्रावण लागत नाही आणि डबीही लागत नाही. डबीमध्येच जंतूंची सर्वाधिक वाढ होत असल्याने ही बचत केवळ पैशाची नव्हे. दुचाकीवरून रोज धुळीतून प्रवास करणारे आणि ऋतुबदलात डोळ्यांना खाज येणारे यांच्यासाठीही हाच प्रकार उत्तम होय. रोज सकाळपासून रात्रीपर्यंत लेन्स लावणाऱ्यांना मासिक लेन्स परवडते. त्यासाठी दररोज ताजे द्रावण वापरणे, लेन्स तळहातावर ठेवून बोटाने चोळून धुणे आणि दर तीन महिन्यांनी डबी बदलणे, एवढी शिस्त अंगी असावी लागते. ही शिस्त पाळणे आपल्याला जमेल का, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ठरवावे.

लेन्सला नळाचे पाणी कधीही लावू नये. गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी पिण्यायोग्य असले, तरी त्यात अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा पारपटलाला होणारा संसर्ग क्वचित आढळतो; पण तो अतिशय वेदनादायक असून त्याचे उपचार अनेक महिने चालतात. स्नान करताना आणि पोहताना लेन्स काढून ठेवाव्यात, असे सांगतात ते याच कारणासाठी.

लेन्स लावून झोपणे

डोळे मिटल्यावर पारपटलाला मिळणारा प्राणवायू आपोआपच सुमारे एकतृतीयांशावर येतो. त्यात लेन्सचे झाकण राहिले, तर ते सुजते आणि जंतूंना प्रतिकार करण्याची त्याची शक्ती घटते. सिलिकॉन हायड्रोजेल आल्यावर हा प्रश्न मिटला, अशी आशा निर्माण झाली होती. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने ती फोल ठरवली. दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० व्यक्तींमागे वर्षाला सुमारे दोघांना पारपटलाचा जंतुसंसर्ग झाल्याचे त्यात आढळले. साधी हायड्रोजेल लेन्स लावून झोपणाऱ्यांत हे प्रमाण १९.५, तर सिलिकॉन हायड्रोजेल लावून झोपणाऱ्यांत २५.४ इतके होते. प्राणवायूची टंचाई दूर झाली, तरी धोका मात्र कायम राहिला. कडक लेन्स वापरणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण १.२ म्हणजे सर्वांत कमी होते.

असा संसर्ग बरा झाल्यावरही पारपटलावर पांढरा डाग राहू शकतो. त्यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. फूल कडेला पडले तर निभावते. बाहुलीसमोर पडले तर त्या डोळ्याची दृष्टी अंधूक होते आणि नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाचे प्रत्यारोपण करण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे रात्रपाळी, रेल्वेचा लांबचा प्रवास किंवा लहान मुलांचे संगोपन यामुळे ज्यांच्या झोपेच्या वेळा अनिश्चित असतात, त्यांनी खोक्यावर 'रात्रंदिवस वापरास योग्य' असे छापले असले, तरी त्यावर विसंबू नये. झोपताना लावून सकाळी काढण्याच्या, पारपटलाला आकार देणाऱ्या कडक लेन्स हा वेगळा उपचार असून तो नेत्रतज्ज्ञांच्या सततच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो.

विस्मरणात गेलेली कडक लेन्स

दुकानात सहसा मऊ लेन्सच दाखवल्या जातात. प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या कडक लेन्सबद्दल अनेकांनी ऐकलेलेही नसते. त्या माप घेऊन एकेका डोळ्यासाठी बनवाव्या लागतात, पहिले दहा-पंधरा दिवस टोचतात आणि सवय होईपर्यंत धीर धरावा लागतो. मात्र त्या मऊ लेन्सपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतात आणि त्यांतून दिसणारी प्रतिमा अधिक रेखीव असते. मोठा सिलिंडर नंबर असणाऱ्यांनी त्यांचा विचार जरूर करावा. सिलिंडर मध्यम असेल, तर टोरिक नावाची मऊ लेन्स चालते. ती डोळ्यात फिरू नये, अशा बेताने घडवलेली असते.

केराटोकोनस या विकारात तर कडक लेन्सला पर्याय थोडेच आहेत. यात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. विकाराची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते आणि भारतात तो नेत्रतज्ज्ञांना वारंवार आढळतो. अॅलर्जीमुळे सतत डोळे चोळण्याच्या सवयीशी त्याचा निकटचा संबंध आहे. दर सहा महिन्यांनी सिलिंडर नंबर वाढत असेल आणि नव्या चष्म्यानेही स्पष्ट दिसत नसेल, तर पारपटलाचा संगणकीय आलेख काढून घ्यावा. अशा मुलाला चष्म्याऐवजी मऊ लेन्स घेऊन देणे म्हणजे निदान लांबणीवर टाकणे होय. कडक लेन्स किंवा श्वेतपटलावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स यांनी दृष्टी बरीच सुधारते. विकाराची वाढ मात्र लेन्सने थांबत नाही, त्यासाठी क्रॉसलिंकिंग हा उपचार करावा लागतो. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय, दिल्लीतील एम्सचे डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र येथे अशा रुग्णांवर उपचार केले जातात.

एका डोळ्याचा नंबर उणे १ आणि दुसऱ्याचा उणे ६ असा मोठा फरक असेल, तर चष्म्यातून दोन प्रतिमा वेगवेगळ्या आकाराच्या दिसतात. तेथे लेन्स अधिक सोयीची ठरते. चाळिशी लागलेल्यांसाठी दूरचे आणि जवळचे एकत्र दाखवणाऱ्या लेन्स मिळतात. त्यात दोन्हीकडे थोडी तडजोड असते आणि रात्री वाहन चालवणाऱ्यांना ती खटकते.

रंगीत लेन्स

लग्नसराईत सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या रंगीत लेन्सना नंबर नसतो, म्हणून त्यांना तपासणी लागत नाही, असा समज आहे. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून अशा लेन्सही वैद्यकीय उपकरणांत समाविष्ट केल्या. बिनानंबराची लेन्सही त्याच पारपटलावर बसते. मैत्रिणींनी किंवा बहिणींनी एकच जोडी आळीपाळीने वापरणे हा संसर्ग वाटून घेण्याचाच प्रकार आहे. काजळ आणि मेकअप लेन्स लावल्यानंतर करावा आणि लेन्स काढून झाल्यावर पुसावा. रंगपंचमीला आणि फटाके उडवताना चष्माच बरा.

डोळे आले असतील, रांजणवाडी झाली असेल किंवा डोळ्यांत औषधाचे थेंब घालणे चालू असेल, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी सांगेपर्यंत लेन्स लावू नये. अशा दिवसांसाठी योग्य नंबराचा चष्मा घरी असलाच पाहिजे.

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा अंधूक दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास लेन्स ताबडतोब काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. औषधांच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टिरॉइड असल्यास लाली ओसरते आणि आत संसर्ग पसरत राहतो. काढलेली लेन्स, तिची डबी आणि द्रावणाची बाटली टाकून न देता सोबत न्यावी. पारपटलावरील नमुन्यात जंतू सापडला नाही, तर तो अनेकदा डबीत सापडतो आणि कोणते औषध द्यायचे, हे ठरवण्यास त्याची मदत होते.