आपल्या दिंडीची लाल गाडी

शंभर वर्षांच्या या ग्रंथात वीणेकरी आले, मृदंगी आले, पंगत घालणारे दाते आले. एक नाव राहून जाऊ नये म्हणून मी लिहितो. ते नाव एसटीचे.

एसटीचा जन्म १ जून १९४८ चा. त्या दिवशी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली. गाडी बेडफोर्ड कंपनीची, बॉडी लाकडी, जागा तीस माणसांची. लक्ष्मण केवटे हे पहिले वाहक. पण तेव्हा आपण त्या राज्यात नव्हतोच. आपला नागपूर जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. इकडे प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्टच्या गाड्या चालत. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, मग त्या गाड्याही एसटीत मिळाल्या.

आपली दिंडी मूळची पायी. पण सावनेरहून पंढरपूर म्हणजे महिन्यावर वाट. तिकडे आषाढी आणि इकडे पेरणी, डवरणी. ज्याच्या घरी दुसरा हात आहे तोच निघणार. बाकीच्यांनी आषाढीनंतर धापेवाड्याला जायचे. विदर्भाची पंढरी ती, देव पौर्णिमेला तिथे येतो ही आपली श्रद्धा. तरी चंद्रभागेच्या वाळवंटाची ओढ काही सुटत नव्हती.

मग मंडळींनी वर्गणी करून एसटी ठरवली. प्रासंगिक करार म्हणतात त्याला. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. मागच्या शिडीने टपावर वळकट्या, पिठाची पोती, जळण चढले. वीणा, मृदंग मात्र मांडीवर. कंडक्टरने दोरी ओढून दोनदा घंटी दिली आणि गाडीत टाळ सुरू झाले. घाटात चढ आला की इंजिन असे गुरगुरे की अभंगाचा आवाज वाढवावा लागे.

माझी माय त्या गाडीत होती. मजुरी करणारी बाई. निघायच्या आदल्या दिवशी एका म्हाताऱ्या बुवांनी देवळात सांगितले, "चाकावर बसून वारी होत नसते." माय हात जोडून म्हणाली, "बुवा, महिनाभर चालत गेली तं लेकरं काय खातील? देवाले हे समजत नसन का?" बुवा काही बोलले नाहीत. हा वाद दिंडीत पुढे कितीतरी वर्षे चालला. मीही तरुणपणी कीर्तनात बसवाल्यांना टोमणे मारले आहेत. आज त्याची लाज वाटते.

२०२० साली कोरोना आला. पायी वारी बंद. त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर ते पाहताना मले माय आठवली. तिचा वाद माउलींनीच मिटवला.

आता गाडीचे आयुष्य ऐका. इंजिन आणि सांगाडा कंपनीचा येतो, बॉडी एसटीच्या कारखान्यात बसते. आपल्याजवळ असा कारखाना हिंगण्याला आहे. गाडी खेड्यापाड्यांत धुळीत धावते, दुरुस्त होते, पुन्हा धावते, आणि शेवटी भंगारात जाते. १ एप्रिल २०२३ पासून तर पंधरा वर्षांवरची सरकारी व महामंडळाची गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही असा केंद्राचा नियमच आहे. नियम बरोबर आहे, जुन्या गाडीत माणसाच्या जिवाला धोका. पण एखादी तरी जपावी. सावनेरवरून जाणारी छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. तशा छोट्या लाइनची इंजिने नागपूरला मोतीबागेच्या संग्रहालयात नातवंडांना दाखवता येतात. आपल्या मायबापांना पंढरी दाखवणारी गाडी कुठे दाखवावी?

आपण गाडी जपू शकत नाही, तेवढी आपली ऐपत नाही. पण पहिल्या खेपेला गाडीच्या तोंडावर बांधलेली लाकडी पाटी देवळाच्या माळ्यावर आहे. "सावनेर - पंढरपूर" ही अक्षरे अजून वाचता येतात. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. ती साफ करून, तेल लावून वीणेजवळ ठेवावी, ही माझी विनंती. कोणाच्या पेटीत जुने तिकीट, गाडीसमोर काढलेला फोटो असेल तर तोही आणावा.

पायी चालणाऱ्यांचे पाय आपण धरतो. ज्यांना चालणे परवडले नाही, त्यांना पोचवणाऱ्या चाकांनाही एक नमस्कार असू द्या. रामकृष्णहरी.