नखाभोवतीची कातडी: कैरूती ते मोहाचं तेल

नखाच्या मुळाशी कातडीची एक बारीक कड असते. इंग्रजीतून आलेला क्युटिकल हा शब्द आता ब्युटी पार्लरमुळे सगळ्यांना ठाऊक झाला आहे. मराठीत या कडेला रोजच्या बोलण्यातलं नाव नाही. ती फाटून पिकली की होणाऱ्या दुखण्याला मात्र आहे: नखुरडं. ज्यांच्या हातांना विसावा नव्हता, त्यांना आधी दुखण्याचंच नाव लागलं असावं.

या कडेचं काम दाराच्या उंबऱ्यासारखं आहे. नख आणि कातडी यांच्यातली फट ती बंद ठेवते. सतत पाण्यात काम, साबण, माती आणि थंडीतला कोरडा वारा यांनी ती सुकते, सालं निघतात, आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात.

इब्न सीनाने (९८०–१०३७) हे दुखणं किरकोळ मानलं नाही. त्याच्या ‘अल-कानून’च्या चौथ्या भागात केस आणि त्वचेबरोबर नखांचाही विचार आहे, आणि नखुरड्याला तिथे ‘दाहिस’ हे नाव आहे. युनानी हकीम कोरड्या कातडीसाठी कैरूती वापरत. कैरूती म्हणजे तेलात वितळवलेलं मेण. शब्द मूळचा ग्रीक, मेणावरूनच आलेला. तिथून अरबीत आणि पुढे उर्दूत पोहोचला. एका मलमाने तीन भाषांचा प्रवास केला.

फारसीची खूण आपल्या जव्हारलाही आहे. इथल्या मुकणे घराण्यातल्या राजाला दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाकडून १३४३ साली ‘निमशाह’ हा किताब मिळाला, असं संस्थानचा इतिहास सांगतो. नीम म्हणजे अर्धा. ‘नीम हकीम खतरा-ए-जान’मधला तोच नीम. पण दरबारात फारसी किताब पोहोचला म्हणून पाड्यावर हकिमाचा ग्रंथ पोहोचला, असं होत नाही. पाड्यावरचं ज्ञान झाडावर होतं.

ते झाड मोहाचं. फुलं वेचून झाली की पुढे फळं येतात. त्यांच्या बिया वाळवून, कुटून तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं थिजतं. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी या समाजांच्या घरांत ते खाण्यात आलं, दिव्यात आलं आणि हिवाळ्यात फुटलेल्या हातापायांवरही आलं. खाली दक्षिण कोकणात हेच काम कोकमाच्या बियांच्या भिरंडेलाने केलं. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध आणणारा कायदा केला. मोखाडा तेव्हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात होतं, जव्हार संस्थानात नव्हे. कायद्याला मोहात दारू दिसली. त्याच झाडाखाली बिया वेचणाऱ्या बाईला वर्षभराचं तेल दिसत होतं.

आवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. पायाच्या बोटांत चिखल्या होतात, हाताची नखं भिजून मऊ पडतात. अशा हातांना तेल लावणं हा नट्टापट्टा नाही. नखुरडं पिकलं तर मजुरी बुडते.

घरी करायचं ते सोपं आहे. रात्री हात कोमट पाण्याने धुऊन नीट पुसावेत आणि किंचित ओलसर असतानाच मोहाचं, खोबऱ्याचं किंवा तिळाचं तेल नखाच्या कडेला चोळावं. कैरूती हवी असेल तर एक भाग शुद्ध मधमाशीचं मेण आणि चार भाग तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवावी. मेण वितळलं की ढवळून गार करावं. सुटलेलं साल दाताने ओढू नये, स्वच्छ कात्रीने तेवढंच कापावं. कड स्वतः कापू नये. ती कापणं म्हणजे उंबरा उखडणं. पू, ठणका किंवा सूज असेल, किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांकडे जावं.

पाच वेळा वुजू करणाऱ्यांनी हे रात्री इशानंतर करावं आणि मेणाचा थर फजरच्या वुजूआधी धुऊन टाकावा. नखं कापणं हदीसमध्ये फितरतच्या गोष्टींत मोजलं आहे, आणि ती चाळीस दिवसांपेक्षा जास्त वाढू देऊ नयेत असंही आलं आहे. म्हणजे नखांची निगा श्रीमंतांची चैन नव्हे, प्रत्येकाची जबाबदारी आहे.

आज रेशन दुकानातलं यंत्र बोटाचा ठसा मागतं आणि कष्टाने झिजलेलं बोट अनेकदा ओळखत नाही. ते तेलाने सुटणारं दुखणं नाही. त्यासाठी व्यवस्थेनेच माणसाला ओळखायला शिकलं पाहिजे. पण हाताची किंमत आधी आपल्या घरात ठरते. भाकरी थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, आवणी करणाऱ्या हातांसमोर रात्री तेलाची वाटी ठेवायला हकीम असावं लागत नाही.