लाकडी बाणाचे कवच

प्रतिनिधी, मांडवा

समुद्रकाठच्या हवेत दारे फुगतात आणि खिडक्या अडकतात, हा मांडव्यापासून अलिबागपर्यंत घरोघरचा अनुभव आहे. फुगलेल्या दाराला रंधा मारून भागते. घरी बनविलेला लाकडी बाण वाकला, तर मात्र नेम चुकतो. आणि चिरलेला बाण सोडताना मोडला, तर त्याची कपची धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. त्यामुळे बाणाच्या दांडीवर दिला जाणारा लेप हा शोभेपेक्षा सुरक्षिततेचा विषय ठरतो.

स्पर्धात्मक तिरंदाजीत आज कार्बनच्या बाणांचे राज्य आहे. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक विजेतेपद मिळविले, ते कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात. तथापि, जागतिक संघटनेच्या लाँगबो प्रकारात लाकडी बाणच वापरावे लागतात. रायगड जिल्ह्यातील कातकरी समाजात धनुष्यबाणाची परंपरा जुनी आहे. संस्कृतात 'शर' हा शब्द बाणासाठी आणि एका जातीच्या बोरूसाठीही वापरला जातो. बोरूला किंवा बांबूला निसर्गाने वरून कठीण साल दिली आहे. तासलेल्या लाकडाला ते संरक्षण नसते; ते आपल्याला द्यावे लागते.

ओलावा काय करतो?

लाकूड हवेतील बाष्प सतत शोषते आणि सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्के झाली की ते १६ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे २५ ग्रॅमची दांडी दीड ग्रॅमहून अधिक जड होते. शिवाय ओले लाकूड अधिक लवते, त्यामुळे सुटताना बाणाची वाक बदलते. एका बाजूने जास्त ओल लागली, तर दांडी कायमची वाकडी होण्याचा धोका असतो. किनाऱ्यावरील खारे कण पृष्ठभागावर बसून ओलावा आणखी धरून ठेवतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोणताही लेप लाकडाला पूर्णतः जलरोधक करीत नाही, तो बाष्पाची ये-जा मंद करतो. दांडी ओली असतानाच लेप दिला, तर तोच लेप ओल आत कोंडतो. म्हणून दांडी आधी सुकवणे आणि सरळ करणे, मग लेप, हा क्रम पाळावा.

कोणता लेप निवडावा?

जवसाचे तेल : दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळते. लावायला सोपे, दुरुस्तीलाही सोपे. पण ओलावा अडविण्यात कमकुवत आणि दमट हवेत वाळायला वेळखाऊ. केवळ तेलावर किनाऱ्यावरील पावसाळा निभावणे कठीण.

लाख : कुसुम, बोर, पळस या झाडांवरील कीटकाचा हा स्राव. स्पिरिटमध्ये विरघळवून दिलेले पातळ थर झटपट वाळतात. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमुळे लाखकाम महाराष्ट्राला परिचित आहे. मात्र पाणी साचून राहिले, किंवा दमट दिवशी हात दिला, तर लाखेवर पांढरट छटा येते. तिचा उपयोग आतला थर म्हणून चांगला.

व्हार्निश व पॉलियुरेथेन (पीयू) : ओलावा रोखण्यात सरस. बाहेरच्या वापरासाठीचे, किंचित लवचीक राहणारे व्हार्निश निवडावे. अतिकठीण थर लवणाऱ्या दांडीवर तडकू शकतो. कोकणात सहज मिळणारे सागवान तेलकट असल्याने त्यावर लेप नीट धरत नाही; आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावे.

पद्धत

प्रथम दांडी १५० आणि नंतर २२० व ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावी. ओलसर फडके फिरविल्यास दबलेले तंतू उभे राहतात. पूर्ण वाळल्यावर ते पुन्हा अलगद घासून धूळ पुसून टाकावी.

पहिला थर थिनर घालून पातळ करावा, म्हणजे तो आत मुरतो. फडक्याने लावता येतो. किंवा एका टोकाला झाकण बसविलेल्या प्लास्टिकच्या उभ्या नळीत लेप भरून दांडी बुडवावी, सावकाश वर काढून टांगावी आणि ओघळ पुसावेत. थर वाळल्यावर हलका पॉलिश पेपर मारून दुसरा व गरजेनुसार तिसरा द्यावा. तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही चांगले. संचातील सर्व बाणांना सारखेच थर द्यावेत, नाहीतर वजनात तफावत पडते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते टोकांकडे. लाकूड बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून कितीतरी वेगाने पाणी शोषते. त्यामुळे फाळ बसवायचे टोक आणि प्रत्यंचेसाठी कापलेली खाच यांवर लेपाचे जादा हात द्यावेत. लाकडातच खाच कापली असेल, तर तिच्या खाली रेशमी दोरा घट्ट गुंडाळून त्यावरही लेप द्यावा, म्हणजे दांडी फाटत नाही. पिसे सर्वांत शेवटी चिकटवावीत. गोंद आणि लेप यांचे जमते की नाही, हे आधी तुकड्यावर पाहावे; काही गोंदांतील द्रावकाने लेप सुटतो.

काळजी

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती मोकळ्या जागी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून ठेवावीत. थिनर व स्पिरिट हाताळताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ चूल किंवा दिवा नसावा.

चकचकीत लेप चीर झाकतो, बुजवत नाही. म्हणून प्रत्येक वापरापूर्वी बाण दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यापासून दूर, फिरवत किंचित वाकवावा. 'कट' असा आवाज आला किंवा नखाला चीर जाणवली, तर तो बाण मोडून टाकावा. गोंद लावून तो पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. बाण निशाण्याच्या फळीवरच चालवावेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे.

या कामाला मांडव्याच्या हवेत दिवाळीनंतरचे कोरडे दिवस योग्य. मृगाच्या सरी येण्यापूर्वी लेप तपासून जिथे घासला गेला असेल तिथे नवा हात द्यावा आणि पावसाळ्यात बाण भिंतीला टेकवून न ठेवता आडवे, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन, हवेशीर जागी ठेवावेत.